तोफगोळ्याची परीक्षा

लंडन शहरात थेम्स नदीच्या दक्षिणेकडील भागात 'इंपीरियल वॉर म्युझियम' हे युद्धसंग्रहालय आहे. ज्या इमारतीत ते १९३६ पासून आहे, तेथे पूर्वी मनोरुग्णांचे रुग्णालय होते. इमारतीच्या प्रवेशद्वारासमोर दोन अजस्र तोफा शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीची लांबी ५४ फूट, वजन सुमारे १०० टन आणि तोंडाचा व्यास १५ इंच. त्यांपैकी एक 'रॅमिलीज' या ब्रिटिश युद्धनौकेवर होती. दुसरीने प्रथम 'रेझोल्यूशन' आणि पुढे 'रॉबर्ट्स' या नौकेवर सेवा केली. १९६८ पासून त्या येथे विसावल्या आहेत.

तोफ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जंजिऱ्याची 'कलाल बांगडी' किंवा विजापूरची 'मुलूख मैदान' उभी राहते. मुलूख मैदान १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन असल्याचे सांगतात. लंडनच्या या तोफांतील एकेक तिच्या जवळजवळ दुप्पट वजनाची आहे. मुलूख मैदान विजापूरच्या बुरुजावर एका जागी बसली ती बसलीच. या तोफा मात्र आठ-आठच्या संख्येने एकेका जहाजावर चढवल्या जात आणि ते जहाज त्यांना घेऊन ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर वेगाने समुद्र कापीत जाई.

अशा वस्तूसमोर उभे राहिले की मन तिच्या आकारानेच दिपून जाते. ज्या राष्ट्रांनी या तोफा घडवल्या, त्यांचीही मने अशीच दिपली होती. या तोफांची खरी कसोटी १९१६ साली उत्तर समुद्रात लागली. तेथे निकाल ठरवणाऱ्या गोष्टी मात्र दिसायला अगदी साध्या होत्या. एक होता दारूकोठाराचा दरवाजा आणि दुसरी होती तोफगोळ्याची चाचणी घेण्याची पद्धत. त्या दोन गोष्टींची ही हकीकत आहे.

आकाराची शर्यत

फेब्रुवारी १९०६ मध्ये ब्रिटनने 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका पाण्यात सोडली. तोवरच्या युद्धनौकांवर लहानमोठ्या अनेक आकारांच्या तोफांची खिचडी असे. ड्रेडनॉटवर एकाच आकाराच्या, १२ इंची अशा दहा अवजड तोफा होत्या आणि तिला वाफेच्या टर्बाइनचे वेगवान यंत्र होते. एका दिवसात जगातील बाकीच्या सर्व युद्धनौका जुन्या ठरल्या. त्यात ब्रिटनच्या स्वतःच्याही होत्या. जर्मनीने आव्हान स्वीकारले आणि शर्यत सुरू झाली. १२ इंचांवरून साडेतेरा इंच, आणि १९१२ च्या सुमारास थेट १५ इंच.

त्या वेळी विन्स्टन चर्चिल ब्रिटनचे नौदलमंत्री होते. १५ इंची तोफ अजून कागदावरच होती. नमुन्याची तोफ तयार करून, ती झाडून पाहून मग जहाजे बांधायला घ्यावीत तर वर्ष वाया जाणार होते. चर्चिल यांनी धोका पत्करला आणि तोफ सिद्ध होण्याआधीच 'क्वीन एलिझाबेथ' वर्गाच्या जहाजांसाठी त्या तोफांची मागणी नोंदवून टाकली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून कागदपत्रांत तिचे नाव '१४ इंची प्रायोगिक तोफ' असे ठेवले होते. सुदैवाने तोफ उत्तम निघाली. ब्रिटिश नौदलाने वापरलेल्या सर्वोत्कृष्ट अवजड तोफांत तिची गणना होते आणि दोन्ही महायुद्धांत ती लढली.

जुन्या काळची तोफ ओतली जाई. ही तोफ बांधली जाई. पोलादाची एक नळी, तिच्यावर मैलोगणती लांबीची पोलादी तार ताणून गुंडाळलेली आणि तिच्यावर पुन्हा तापवून चढवलेली पोलादी वेष्टने, अशी तिची घडण असे. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापलेली धाव चढवतो आणि ती निवताना चाकाला घट्ट आवळते, तेच तत्त्व येथे १०० टन पोलादावर वापरलेले होते. आतून नळीला पीळदार खाचा असत. त्यांच्यामुळे गोळा स्वतःभोवती गरगरत बाहेर पडे आणि सरळ मार्ग धरी. इतकी मेहनत घेऊन घडवलेल्या नळीचे आयुष्य मात्र पूर्ण भाराच्या तीनशे-सव्वातीनशे बारांपुरतेच असे. त्यानंतर आतील खाचा झिजत आणि नळी बदलावी लागे.

एका गोळ्याचा प्रवास

जहाजाच्या डेकवर दिसणारा तोफांचा बुरूज हे या यंत्रणेचे केवळ शिखर होय. त्याच्याखाली जहाजाच्या पोटात अनेक मजले खोल जाणारा चिलखती विहिरीसारखा दंडगोल असे. तळाशी गोळ्यांचे कोठार आणि दारूचे कोठार. १५ इंची तोफेचा एक गोळा ८७१ किलो वजनाचा, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीपर्यंत पोहोचणारा आणि भरल्या अंगाच्या म्हशीहूनही जड. त्याला फेकण्यासाठी सुमारे १९४ किलो कॉर्डाइट लागे. कॉर्डाइट म्हणजे दोऱ्यासारख्या कांड्यांच्या रूपातील बिनधुराची दारू. रेशमी पिशव्यांत भरलेल्या चार भागांत ती वर पाठवली जाई. रेशीम अशासाठी की ते पूर्ण जळून जाते. धुमसणारी चिंधी नळीत मागे राहिली तर पुढचा बार भरतानाच पेट घेण्याचा धोका असतो.

कोठारातून गोळा आणि पिशव्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या पाळण्यांतून वर चढत. यांत्रिक ठोसणी त्यांना तोफेत लोटी, मागचे दार मळसूत्रासारखे फिरून बंद होई आणि तोफ आकाशाकडे तोंड उचले. एका बुरुजाच्या मागे साठ-सत्तर माणसे राबत. त्यांतील बहुतेकांना समुद्र दिसत नसे, शत्रू दिसत नसे. आपण जिंकत आहोत की बुडत आहोत, हेही त्यांना कळत नसे. त्यांच्यापुढे असे ते फक्त आपले एक काम आणि पुढच्या बाराची हाक.

गोळा सेकंदाला सुमारे साडेसातशे मीटर वेगाने बाहेर पडे. तरीही पंधरा किलोमीटरवरच्या जहाजापर्यंत पोहोचायला त्याला सुमारे अर्धे मिनिट लागे. तेवढ्या वेळात शत्रूचे जहाज साडेतीनशे मीटरांहून अधिक पुढे सरकलेले असे. म्हणून नेम शत्रूवर धरून चालत नसे. शत्रू जेथे असेल त्या पाण्यावर तो धरावा लागे. अंतर, वेग, दिशा, वारा, दारूचे तापमान या सर्वांचा हिशेब करणारी यंत्रे आणि माणसे जहाजाच्या पोटात बसलेली असत. गणिताचा इतका तातडीचा उपयोग त्या काळी क्वचितच दुसरीकडे होत असेल.

उघडा दरवाजा

या सर्व यंत्रणेत सर्वांत भयंकर जागा म्हणजे दारूचे कोठार. वर बुरुजावर गोळा फुटून आग लागली आणि ती ज्वाला पाळण्याच्या वाटेने खाली कोठारापर्यंत पोहोचली, तर अख्खे जहाज क्षणात उडून जाणार. म्हणून नियम कडक होते. कोठाराची दारे बंद असावीत, लागतील तेवढ्याच पिशव्या बाहेर काढाव्यात आणि ज्वालेला वाट मिळेल अशी कोणतीही फट राहू नये.

जानेवारी १९१५ मधील डॉगर बँकच्या लढाईत जर्मन जहाज 'सायडलिट्झ'ने या धोक्याची चव घेतली. एका ब्रिटिश गोळ्याने तिच्या मागच्या बुरुजाला भगदाड पाडले. ज्वाला एका बुरुजातून शेजारच्या बुरुजात शिरली आणि दीडशेहून अधिक माणसे जळून गेली. विल्हेल्म हाइडकाम्प या पंपचालकाने लालबुंद तापलेल्या झडपा स्वतःच्या हातांनी फिरवून कोठारांत समुद्राचे पाणी सोडले, म्हणून जहाज वाचले. जर्मन नौदलाने त्यापासून धडा घेऊन दारू हाताळण्याच्या पद्धतीत सावधगिरी वाढवली. त्यांची मुख्य दारू पितळी आवरणांत असे, तिचाही त्यांना फायदा होता.

ब्रिटिशांनी त्याच लढाईतून निराळाच धडा घेतला. आपला मारा अधिक जलद हवा होता, असे त्यांना वाटले. मिनिटाला किती बार झाले याच्या स्पर्धा ब्रिटिश नौदलात युद्धापूर्वीपासून होत्या आणि त्यांचे निकाल वर्तमानपत्रांतही झळकत. आता वेगासाठी नियमांना मुरड घालणे अंगवळणी पडले. कोठाराची दारे उघडीच राहू लागली. पुढच्या बाराला विलंब नको म्हणून रेशमी पिशव्यांचे ढीग दाराबाहेर रचले जाऊ लागले. कुणी आळशी नव्हते, कुणी भित्रे नव्हते. उलट प्रत्येकाला आपले काम झटपट करून दाखवायचे होते. सवयच अशी जडली होती की त्यात चूक आहे, हेच कुणाच्या ध्यानी येईना.

या सवयीला एका जहाजावर एका माणसाने हरकत घेतली. व्हाइस ॲडमिरल डेव्हिड बीटी यांच्या 'लायन' या ध्वजनौकेवर १९१५ मध्ये अलेक्झांडर ग्रँट नावाचे मुख्य गोलंदाज रुजू झाले. ते खलाशाच्या साध्या नोकरीतून वर चढलेले अनुभवी गृहस्थ होते. कोठाराबाहेरचे ढीग पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी कॅप्टन चॅटफील्ड यांची संमती मिळवली आणि जुने नियम पुन्हा लागू केले. बाहेर मोजक्याच पिशव्या ठेवायच्या, एका वेळी एकच दार उघडायचे आणि मारा थांबताच तेही बंद करायचे. इतके करूनही तोफांचा वेग कमी होत नाही, हे त्यांनी लोकांना सरावातून पटवून दिले. या सुधारणेची त्या वेळी कुठे वाच्यता झाली नाही.

३१ मे १९१६ रोजी डेन्मार्कच्या पश्चिमेस जटलंडजवळ दोन्ही आरमारे समोरासमोर आली. दोन्ही बाजू मिळून सुमारे अडीचशे जहाजे होती. दुपारी पावणेचारनंतर बीटी यांच्या बॅटलक्रूझर नौकांची, म्हणजे अवजड तोफांच्या पण हलक्या चिलखताच्या वेगवान नौकांची, जर्मन नौकांशी गाठ पडली. चारच्या सुमारास 'लायन'च्या मधल्या बुरुजावर जर्मन गोळा येऊन फुटला. बुरुजाचे छत उडाले आणि आतील जवळजवळ सर्वजण ठार किंवा जबर जखमी झाले. मरिन दलाचे मेजर फ्रान्सिस हार्वे हे त्या बुरुजाचे प्रमुख होते. ते स्वतः प्राणांतिक जखमी होते. तरीही कोठाराची दारे बंद करून आत पाणी सोडण्याची आज्ञा त्यांनी दिली. काही वेळाने बुरुजात धुमसणाऱ्या आगीने उरलेल्या पिशव्या पेटल्या. ज्वालेचा लोळ तळापर्यंत गेला आणि वाटेतल्या साऱ्यांचा घास घेऊन गेला. पण दारे बंद होती. 'लायन' तरली. हार्वे यांना मरणोत्तर 'व्हिक्टोरिया क्रॉस' देण्यात आला.

त्यांच्या सोबतच्या जहाजांवर ग्रँट नव्हते. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांतच 'इनडिफॅटिगेबल' उडाली. तिच्यावरील हजाराहून अधिक माणसांपैकी दोघेच हाती लागले. साडेचारच्या सुमारास 'क्वीन मेरी' फुटली आणि १२६६ माणसे गेली. साडेसहाच्या सुमारास 'इन्व्हिन्सिबल' दुभंगली. तिच्यावरील १०२६ जण बुडाले आणि सहा जण वाचले. या तीन जहाजांवर मिळून ३३०० हून अधिक जीव गेले. त्या लढाईत ब्रिटनचे ६०९४ लोक मृत्युमुखी पडले. त्यांतील निम्म्याहून जास्त या तीन स्फोटांत गेलेले होते. जर्मनीच्या मृतांची संख्या २५५१ होती.

लढाईनंतर चौकशी झाली. जहाजांचे चिलखत पातळ होते, असे कारण पुढे आले आणि उरलेल्या जहाजांवर जाड पत्रे चढवण्यात आले. चिलखत पातळ होते हे खरेच होते. परंतु पत्रा जाड करा असे म्हणणे सोपे असते. आपल्याच कर्तबगार माणसांनी, आपल्याच डोळ्यांदेखत दारे उघडी ठेवली होती, हे मान्य करणे जड जाते. दारांचे नियम मात्र त्यानंतर निमूटपणे पुन्हा कडक झाले.

परीक्षेत उत्तीर्ण, रणात अनुत्तीर्ण

जटलंडमध्ये ब्रिटिश गोळेही जर्मन जहाजांवर पडलेच होते. 'सायडलिट्झ'वर वीसच्या वर अवजड गोळे आदळले आणि एक टॉर्पेडोही लागला. तिच्या पोटात पाच हजार टनांहून अधिक पाणी शिरले. नाक पाण्याखाली गेलेल्या अवस्थेत ती रडतखडत घरी पोहोचली. 'डेरफ्लिंगर'चे मागचे दोन्ही बुरूज जळाले, तरी ती बुडाली नाही. इतके गोळे लागूनही जर्मन जहाजे तरंगत कशी राहिली, याचे उत्तर ब्रिटिशांना पाहुण्याच्या तोंडून मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तटस्थ स्वीडनच्या नौदलाचा एक अधिकारी बीटी यांच्या जहाजावर भोजनाला आला होता. तो बर्लिनमध्ये राहून आलेला होता. ब्रिटिश गोळे जर्मन चिलखतावर आदळून आत न शिरता बाहेरच फुटतात आणि जर्मन अधिकारी त्यांना हसतात, असे त्याने सहज बोलता बोलता सांगितले. यजमानांना तो घास गिळणे कठीण गेले असेल.

चिलखतभेदी गोळ्याचे काम दुहेरी असते. आधी न फुटता पोलादाचा जाड पत्रा भेदून आत शिरायचे आणि मग क्षणभर थांबून जहाजाच्या पोटात फुटायचे. त्यासाठी गोळ्याचे नाक अतिशय कठीण हवे, अंग चिवट हवे, पोटातील स्फोटक धक्का सोसणारे हवे आणि फ्यूज थोडा उशिरा चेतणारा हवा. जर्मन गोळ्यांत टीएनटी होते. ते आघाताने सहसा फुटत नसे आणि त्यांचा फ्यूजही उशिरा चेतणारा होता. ब्रिटिश गोळ्यांत लिडाइट नावाचे तापट स्फोटक होते. पत्र्यावर आदळल्याच्या धक्क्यानेच ते फुटे. शिवाय गोळा तिरका आदळला तर त्याचे कवच मातीच्या माठासारखे फुटून जाई.

हे सर्व गोळे परीक्षेत उत्तीर्ण झालेले होते. प्रश्न परीक्षेचाच होता. चाचणीच्या मैदानावर पोलादी पत्रा उभा केला जाई आणि गोळा त्यावर अगदी सरळ, काटकोनात झाडला जाई. पूर्वी लढाया जवळून होत, गोळे जवळजवळ सपाट मार्गाने जात, तोवर ही चाचणी बरी होती. पण तोफा जसजशा मोठ्या झाल्या तसतसे लढाईचे अंतर वाढले. दूरवर फेकलेला गोळा आभाळातून उतरत येतो, आणि समोरचे जहाजही आपली बाजू दाखवत सरळ उभे राहत नाही. रणातील जवळजवळ प्रत्येक आघात तिरकाच असणार होता. परीक्षेत मात्र तिरका प्रश्न कधी विचारलाच जात नव्हता. त्यातही ढिगातून काढलेला एखादा गोळा नापास ठरला, तर दुसरा काढून पाहण्याची सोय होती. दुसरा पास झाला की सगळा ढीग पास.

हे कुणाला कळले नव्हते असेही नाही. १९१० च्या ऑक्टोबरमध्ये नौदलाच्या सामग्रीविभागाचे प्रमुख असलेल्या एका ॲडमिरलने लेखी मागणी केली होती. दूरच्या अंतरावर तिरका आदळला तरी न फुटता पत्रा भेदून आत जाईल आणि मग फुटेल, असा गोळा तयार करावा, असे त्यात म्हटले होते. रोग आणि औषध दोन्ही त्या मागणीत होते. परंतु वर्ष संपता संपता त्या अधिकाऱ्याची बदली समुद्रावर झाली. त्यांच्या जागी आलेल्यांनी पाठपुरावा केला नाही आणि मागणी फायलीतच राहिली. त्या अधिकाऱ्याचे नाव सर जॉन जेलिको. सुमारे साडेपाच वर्षांनी जटलंडच्या समुद्रावर संपूर्ण ब्रिटिश आरमाराचे सरसेनापती म्हणून तेच उभे होते आणि त्यांच्या जहाजांच्या कोठारांत तेच जुने गोळे भरलेले होते.

जेलिको १९१६ च्या अखेरीस नौदलाचे प्रमुख झाले. त्यांनी फ्रेडरिक ड्रायर या तोफखान्यातील तज्ज्ञ अधिकाऱ्याला आपल्याजवळ बोलावून घेतले आणि या वेळी काम अर्धवट सोडले नाही. गोळ्याचे पोलाद, टोपी, स्फोटक, फ्यूज असे सगळे नव्याने आखले गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चाचणी बदलली. आता पत्रा तिरका उभा केला जाऊ लागला. नव्या गोळ्यांना हिरवा रंग दिलेला असल्याने खलाशी त्यांना लाडाने 'हिरवी पोरे' म्हणू लागले. १९१८ मध्ये ती आरमाराकडे पोहोचू लागली.

त्यांना रणात उतरण्याची वेळ आली नाही. २१ नोव्हेंबर १९१८ रोजी जर्मन आरमार एकही बार न झाडता शरण येऊन ब्रिटिश जहाजांच्या दोन रांगांमधून निमूट निघून गेले. योग्य गोळा तयार झाला तेव्हा लढाई संपली होती. आठ वर्षांपूर्वीच्या त्या एका कागदाकडे वेळीच लक्ष गेले असते तर जटलंडचा निकाल काय लागला असता, या प्रश्नावर इतिहासकार आजवर वाद घालीत आले आहेत.

प्रश्नपत्रिकाच बदलली

तोफांची शर्यत मात्र थांबली नाही. १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने युद्धनौकांच्या तोफांना १६ इंचांची मर्यादा घातली. जपानने पुढे ही बंधने झुगारली आणि कुरे येथील गोदीत नोव्हेंबर १९३७ मध्ये 'यामातो'ची बांधणी गुप्तपणे सुरू केली. तिच्यावर नऊ तोफा होत्या, प्रत्येकीचा व्यास ४६ सेंटिमीटर, म्हणजे १८ इंचांहून थोडा अधिक. गोळा १४६० किलोचा आणि पल्ला ४२ किलोमीटरचा. तीन तोफांच्या एका बुरुजाचे वजनच अडीच हजार टनांच्या वर होते. त्या काळी अख्खी विनाशिका एवढ्या वजनाची असे. शत्रूला चकवण्यासाठी कागदपत्रांत या तोफांना ४० सेंटिमीटरच्या म्हटले जाई. चर्चिल यांच्या '१४ इंची' तोफेचीच ही जपानी आवृत्ती होती.

'यामातो' डिसेंबर १९४१ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच महिन्यात, तिच्या आधी नऊ दिवस, जपाननेच तिचे भवितव्य लिहून टाकले होते. ७ डिसेंबर रोजी पर्ल हार्बरवर हल्ला करताना जपानी विमानांनी जे ८०० किलोचे चिलखतभेदी बाँब टाकले, ते युद्धनौकांच्या ४० सेंटिमीटर तोफांचेच गोळे होते. त्यांना तासून, शेपटीला पंख लावून त्यांचे बाँब केलेले होते. त्यांतील एक 'ॲरिझोना' या अमेरिकी युद्धनौकेच्या डेकमधून आत शिरला आणि पुढील दारूकोठार उडाले. ११७७ माणसे गेली. गोळा तोच होता, त्याचे कामही तेच होते. पण त्याला आता १०० टनांच्या नळीची गरज उरली नव्हती. एक हलके विमान त्याला शेकडो किलोमीटर दूर नेऊ शकत होते.

'यामातो'च्या तोफा शत्रूच्या जहाजांवर एकदाच धडाडल्या, २५ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपीन्समधील समार बेटाजवळ. त्यांना तोडीस तोड युद्धनौका कधी भेटलीच नाही. ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाकडे जात असता अमेरिकी विमानवाहू जहाजांवरून उडालेल्या सुमारे चारशे विमानांनी तिला घेरले. दोन तासांत ती कलंडली आणि दारूकोठारांच्या स्फोटात फुटली. सुमारे तीन हजार माणसे तिच्यासोबत गेली. जपानने त्या तोफांत आपले उत्तमोत्तम पोलाद, उत्तमोत्तम अभियंते आणि कोवळ्या वयाचे हजारो तरुण घातले होते. ज्या परीक्षेसाठी ही सारी तयारी होती, ती परीक्षा तोवर इतिहासजमा झाली होती.

दोन तोफांसमोर

लंडनच्या त्या दोन तोफा आज गप्प आहेत. त्यांच्या पोलादात खोट नव्हती आणि त्या घडवणाऱ्यांच्या कौशल्यातही नव्हती. त्यांच्या काळातील माणसांचे शौर्य तर वादातीत आहे. 'क्वीन मेरी'वर उघड्या दाराशी पिशव्या रचणारा पोरसवदा खलाशी मन लावून काम करीत होता. सरळ उभ्या पत्र्यावर गोळा झाडून 'उत्तीर्ण' असा शेरा लिहिणारा परीक्षक नियमाप्रमाणेच वागत होता. वेगाला गुण देणाऱ्यांनी दाराची आठवण ठेवली नाही आणि चाचणी घेणाऱ्यांनी रणांगण कसे असते हे विचारले नाही. त्याची किंमत मोजली ती मात्र जहाजाच्या पोटात बसलेल्यांनी, ज्यांना समुद्रही दिसत नव्हता.

हार्वे यांचे शौर्य सर्वज्ञात आहे आणि तसे असावे. मरणाच्या दारी त्यांनी दिलेली आज्ञा सफल झाली, कारण तळाशी बंद करता येण्याजोगी दारे होती आणि त्यांच्या आड येणारे पिशव्यांचे ढीग नव्हते. ती सवय वर्षभर आधी ग्रँट नावाच्या एका गोलंदाजाने लावली होती. रोज तेच सांगून, रोज तपासून आणि कुणी कुरकुरले तरी न बधता. त्या दिवशी 'लायन'वरून जे शेकडो खलाशी जिवंत घरी परतले, त्यांच्यातील कितीजणांना त्या दरवाजाचे महत्त्व ठाऊक होते कोण जाणे. दरवाजाने आपले काम केले होते.